पावसाळ्यातला पहिला नमुना

सर,

तुमच्या शोकसभेत सगळे खोटं बोलले. प्राचार्य म्हणाले, वानखडे सर अत्यंत शांत आणि मृदुभाषी होते. मागच्या रांगेत बसलेल्या आम्हा जुन्या विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मृदुभाषी! ब्युरेट न धुता कुणी ठेवलं तर तुमचा आवाज खालच्या सायकल स्टँडपर्यंत जायचा. "बह्याडा, घरी जेवलं का ताट असंच सोडून उठतं का?" पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी एकदा विचारलं होतं, की तुम्ही विद्यार्थ्यांशी शुद्ध भाषेत का बोलत नाही. तुम्ही म्हणालात, "साहेब, पोट्ट्याइले समजते, रसायनाले समजते. तुमचं तुमी पाहा." त्या दिवशी आमची तोंडी परीक्षा होती, आणि आम्हाला मार्क किती कमी पडले ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

खोटं बोलणाऱ्यांत मीही होते. तुमची विद्यार्थिनी, आता अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, म्हणून मला पाच मिनिटं दिली होती. मी बार्शीटाकळीच्या टाक्याची गोष्ट सांगितली. भर गावात सरांनी आपली चूक कबूल केली, आपला शोधनिबंध आपल्या हाताने मागे घेतला, एवढा मोठा माणूस, वगैरे. माना हलल्या. तुमच्या फोटोशेजारी बसलेल्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी खाली येऊन बसले ती काकूंकडे न बघता. कारण ती चूक तुमची एकट्याची नव्हती. तिच्यातले चार आठवडे माझे होते, आणि ते तुम्हाला सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं. आता तुम्ही ऐकायला नाही, तर सांगायला बसले आहे. भ्याड माणसाला वेळ अशीच सापडते.

तुम्ही पहिल्यांदा भेटलात तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी थेट माझ्या डोळ्यांत बघितलंत. मी बिचकलेच. मग कळलं की ही तुमची सगळ्यांशीच तऱ्हा. कीटकनाशकाच्या कारखान्यात चौदा वर्षं काढलेली. पाळी सुटताना फाटकात उभं राहून एकेका कामगाराच्या डोळ्यातली बाहुली बघायची. टाचणीच्या डोक्याएवढी बारीक दिसली तर त्याच्या अंगात विष गेलेलं आहे, त्याला घरी न सोडता दवाखान्यात पाठवायचं. कारखाना सुटला, सवय राहिली. लग्नाच्या पंगतीतही तुम्ही वाढप्याच्या डोळ्यांत बघायचात आणि काकू तुम्हाला टेबलाखालून पाय मारायच्या.

कारखाना का सोडला, याचं उत्तर दर वेळी वेगळं. कधी वासाला कंटाळलो, कधी हिला अमरावतीत राहायचं होतं. खरं एकदाच बोललात. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावाची तीच बातमी असायची, शेतकऱ्याने औषध प्यायल्याची. तुम्ही पेपर माझ्यापुढे टाकलात आणि बातमीतल्या एका शब्दावर बोट ठेवलंत. औषधाचं नाव होतं. आपल्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. "हे मी बनवून राह्यलो होतो," तुम्ही म्हणालात. "चांगलं बनवत होतो. माल कधी परत आला नाई." आणि उठून वर्गावर निघून गेलात. त्यानंतर मी तुम्हाला कारखान्याबद्दल काही विचारलं नाही.

जे बनवलं ते मोडायचं, एवढंच तुमचं उरलेलं काम होतं. त्याला तुम्ही पर्यावरणाचं उत्प्रेरण वगैरे भारदस्त नावं अर्ज लिहितानाच द्यायचात. आम्हाला साधं सांगितलं होतं. रंगात घालतात ती टिटॅनियमची पांढरी भुकटी फरशीवर भाजून बसवायची. त्यावर औषधाचं पाणी सोडायचं आणि वरून ऊन पडू द्यायचं. भुकटी स्वतः तशीच राहते, पण उन्हाच्या जोरावर औषधाचे तुकडे करते. "ऊन त आपल्या इकडे फुकट हाय," तुम्ही म्हणायचात, आणि हे म्हणताना तुमचा चेहरा असा व्हायचा जणू ऊन तुम्हीच शोधून काढलंय.

प्रयोग आम्ही मे महिन्यात केले. का, तर सुट्टीत पाण्यातलं औषध मोजायचं मशीन मोकळं असायचं, गच्ची मोकळी असायची आणि तुम्हाला वर्ग नसायचे. कॉलेजात काम करणारा जगातला प्रत्येक माणूस हेच करेल. डोक्याला ओलं फडकं बांधून मी गच्चीवर दर तासाला बाटल्या भरायची. दोन दिवसांत औषध साफ. आलेखावर त्याचा उंच सुळका असायचा, तो सपाट व्हायचा. निबंध छापून आला. तुम्ही सगळ्या विभागाला कचोऱ्या खाऊ घातल्या.

आणि मग पुढच्या वर्षी बार्शीटाकळीजवळ युसूफभाईंच्या शेतात टाकं बांधलं. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावणारे युसूफभाई. त्यांची म्हातारी अम्मी दिवसभर भाजी निवडून, धुऊन जुड्या बांधायची. आजूबाजूचे सगळे फवारणीचे पंप नाल्यावर धुवायचे आणि ते पाणी विहिरीत मुरायचं. ते थांबावं म्हणून तळाला ती भाजलेली फरशी बसवलेलं हे उथळ टाकं. पंप त्यात धुवा, पाणी दोन दिवस उन्हात राहू द्या, मग सोडा. जूनमध्ये पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा ऊन कडक होतं. दोन दिवसांनी तुम्ही ओंजळीत पाणी घेऊन सगळ्यांच्या नाकाशी नेलंत. "वास येते का? नाई ना? आता हे जनावरालेही पाजा, काही होत नाई."

ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. तुमच्यासारख्या माणसाने वासावर विश्वास ठेवावा! पण कारखान्यात तुम्ही चौदा वर्षं नाकावरच जगला होता. कुठे गळती आहे, कुठला पिंप फुटलाय, सगळं आधी नाकाला कळायचं.

टाक्यातल्या पाण्याची बाटली युसूफभाई एसटीच्या कंडक्टरच्या हाती अमरावतीला पाठवायचे. पावसाळ्यातला पहिला नमुना जुलैत आला. मी तो मशीनवर घातला. औषधाचा सुळका जवळजवळ गेला होता, पण त्याच्या शेजारी एक बारीकसा उंचवटा होता, जो मे महिन्यात कधीच नव्हता. मशीनच्या नळीत आधीची घाण राहिली तर असा उंचवटा येतो, हे खरं आहे. खात्री करायची तर नळी धुऊन नमुना पुन्हा घालावा लागतो, हेही खरं आहे. त्याला अर्धा दिवस लागला असता. सोमवारी माझा विद्यापीठात सेमिनार होता. मी वहीच्या समासात पेन्सिलीने "घाण" लिहिलं आणि पान उलटलं.

चार आठवड्यांनी दुसरा नमुना आला आणि तो उंचवटा सुळक्याएवढा झाला होता. या वेळी मी नळी धुतली. दोनदा धुतली. तो हलला नाही. कागद घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही कागद बघितलात, मग खिडकीबाहेर बघितलंत. पंधरा दिवस ऊन नव्हतं. "फवारणी कवा असते वं, शुभांगी?" तुम्ही विचारलंत. "पावसाळ्यात," मी म्हटलं. "आन आपण कवा पाह्यलं?"

औषध एका दमात मोडत नाही. पायरीपायरीने मोडतं, आणि मधली एक पायरी मूळ औषधापेक्षा जहाल असते. वैशाखाच्या उन्हात ती पायरी क्षणभरही टिकत नाही, म्हणून आम्हाला कधी दिसली नव्हती. ढगाळ दिवसांत काम तिथेच अडतं. औषध जातं, वास जातो, आणि जे मागे उरतं त्याला वास नसतो. आपण गावाला त्याच पाण्याचं प्रमाणपत्र देऊन आलो होतो.

युसूफभाईंच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता. तीनदा लावला, कुणी उचलला नाही. तुम्ही चपला बदलायलाही घरी गेला नाहीत. आपण एसटीत बसलो. बडनेरा गेलं. मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहाला उतरला, तर तुम्ही त्याच्या मागे जाऊन अर्ध्या कपावरून त्याला उठवून आणलंत. तो चिडला होता. तुम्ही त्याला हात जोडले. मी तुम्हाला कुणापुढे हात जोडताना पहिल्यांदा बघितलं.

बोरगाव मंजूच्या पुढे तुम्ही मला विचारलंत, "पयल्या नमुन्यात काही दिसलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही सर."

तुम्ही मान हलवलीत आणि पुढच्या सीटचा दांडा धरून बसलात. अकोला येईपर्यंत मला दहा वेळा वाटलं की आता सांगावं. बाहेर कपाशी उभी होती, माणसं पाठीवर पंप घेऊन ओळीओळीतून चालली होती. ते सगळे आपापल्या गावी पंप कुठे धुतील, असा विचार मी करत होते, म्हणजे स्वतःचा विचार करावा लागू नये.

युसूफभाईंच्या दोन बकऱ्या मेल्या होत्या. एक आठवड्यापूर्वी, एक त्याच सकाळी. म्हैस तोंडाला फेस येऊन बसली होती आणि ढोरांचा डॉक्टर तिला सुई टोचत होता. ओसरीवर टाक्यातल्या पाण्याचा हंडा होता. घरातली भांडी त्यात घासत होते, अम्मी त्यात भाजी धुवत होत्या. तुम्ही हंडा उलटा केलात आणि घरातल्या सगळ्यांना ओळीने बसवलंत. खिशातली छोटी बॅटरी काढून एकेकाच्या डोळ्यांत बघायला लागलात. पोरांना तो खेळ वाटला. ती हसत होती. अम्मीपाशी आलात आणि थांबलात. "अम्मी, घाम कवापासून येते इतका?" "आठ-दस दिन से, बेटा. उमस कितनी है." तुम्ही बॅटरी माझ्या हातात दिलीत. मी वाकून बघितलं. दोन्ही बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होत्या.

ऑटोतून अकोल्याला नेताना अम्मीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि मी माझ्या ओढणीने पुसत होते. आठ-दहा दिवस, माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं. मी जुलैत अर्धा दिवस दिला असता तर हे आठ-दहा दिवस आलेच नसते. अम्मी तीन दिवस दवाखान्यात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला आणि तुम्ही वऱ्हांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात.

मग तुम्ही गावात परत गेलात, टाकं घणाने फोडलंत आणि जमलेल्या लोकांना सांगितलंत, "चूक माही हाय. मी उन्हाळ्यात पाह्यलं आन तुमाले पावसाळ्यात वापराले देलं." लोकांनी तुम्हाला खूप सुनावलं. प्रोफेसर आमच्यावर प्रयोग करते का, म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत. मी तुमच्या मागे, दोन हातांवर, मूग गिळून उभी होते. जिला सुनावायला हवं होतं ती त्यांच्यासमोरच होती.

आपलं भांडण त्यानंतरचं. तुम्ही निबंध मागे घ्यायचं पत्र लिहायला बसलात तेव्हा मी म्हटलं, टाकं फोडलं, अम्मी वाचल्या, आता जगजाहीर करायची काय गरज? तुम्ही म्हणालात, "उद्या अजून कोनी मे महिन्यात फरशी भाजून टाकं बांधन. त्याले कोन सांगन?" "आणि माझी पीएचडी?" "होईन." "कधी?" "होईन तवा होईन, वं बाई!" मी दार आपटून गेले. जाताना जे बोलले ते आज लिहिते. मी म्हटलं, तुम्हाला चूक कबूल करण्यातसुद्धा मोठेपणा हवा आहे. चूक करणाऱ्यांत पहिला नंबर, कबूल करणाऱ्यांतही पहिला नंबर.

चार महिने मी तुमच्याशी बोलले नाही. खरं सांगू का सर, त्या वाक्यातलं थोडंसं मला अजूनही पटतं. तुम्ही सगळं ओझं असं झटकन उचललंत, की दुसऱ्या कुणाला हात लावायला जागाच ठेवली नाहीत. तुम्ही ओरडला असतात, विभागात चौकशी लावली असतीत, तर माझ्या तोंडून निघालं असतं. तुम्ही मला सांगायला भाग पाडायला हवं होतं. हे बोलणं किती उलट्या काळजाचं आहे ते मला कळतं. पण तुमच्याशी भांडायची सवय आहे, आणि आता समोरून ओरडणारं कुणी नाही.

त्या भांडणातूनच माझा प्रबंध झाला, हेही लिहायला हवं. भर हिवाळ्यात फोन तुम्हीच केलात. नमस्कार नाही, चौकशी नाही. "आज आभाळ आलं. लवकर ये." तीन पावसाळे आपण गच्चीवर काढले. लोक ऊन पडलं की कपडे वाळत घालतात. आपण ऊन पडलं की हळहळायचो. वहीवर छत्री, बाटल्यांवर छत्री, आणि तुम्ही स्वतः भिजत. कुठल्या आभाळात काम किती अडतं, अडलं की पाणी किती दिवस कोंडून ठेवायचं, हे सगळं मांडलं. पदवी मिळाली त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "आता तू पोट्ट्याइले शिकव. पन आलेखावर काही दिसलं, त नळी धुवाले लाव." मी हसले.

गेल्या महिन्यात अमरावतीला तुम्हाला बघायला आले. पलंगाशेजारी ऑक्सिजनची नळकांडी होती. काकूंनी संत्रं सोलून दिलं, म्हणाल्या, मोर्शीहून आलंय, खा. त्या आत गेल्या. तुम्ही नेहमीसारखं माझ्या डोळ्यांत बघितलंत आणि मी संत्र्याच्या फोडीकडे बघायला लागले. "काही सांगाचं होतं का?" तुम्ही विचारलंत. एकेका शब्दाला तुम्हाला दम लागत होता. मी म्हटलं, "नाही सर, सहजच आले होते." आठवडाभराने काकूंचा फोन आला.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी बार्शीटाकळीला गेले. तुम्हाला सांगता आलं नाही तर निदान ज्यांचं नुकसान झालं त्यांना सांगावं, एवढंच डोक्यात होतं. इतक्या वर्षांत मी त्या रस्त्याने वाशीमला जाताना दोनदा गेले होते, दोन्ही वेळा दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसले होते. युसूफभाई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होते. दाढी पांढरी झाली आहे. त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं तर हातातली जुडी तशीच राहिली.

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं. जुलैचा नमुना, तो उंचवटा, मी लिहिलेला शब्द, बसमध्ये बोललेलं खोटं, सगळं. चार आठवडे आधी मला कळलं होतं, म्हटलं. बकऱ्या माझ्यामुळे गेल्या. अम्मी माझ्यामुळे दवाखान्यात गेल्या. सरांनी माझं स्वतःवर घेतलं.

युसूफभाईंनी हातातली जुडी बांधून खाली ठेवली. मग म्हणाले, "मालूम हाय, मॅडम."

मला वाटलं त्यांना माझं बोलणं कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले.

"मालूम हाय," ते म्हणाले. "सरनं त्याच साली सांगतलं होतं. अम्मीले भेटाले आले होते तवा, अम्मीच्या समोरच. म्हणे, पोरीच्या वहीत हाय लिहिलेलं. तिनं आधी पाह्यलं, पन ध्यान देलं नाई, मंग भ्यायली. मी म्हटलं, तुमी तिले बोलले का? त म्हणे, नाई. माह्या बोलण्यानं थे फक्त रडन. तिचं तिले सांगू द्या. थे येईन एक दिवस. आली का तिले रागावू नोका, पाणी देजा."

वह्या. पत्र लिहायला म्हणून त्या आठवड्यात तुम्ही माझ्या सगळ्या वह्या घरी नेल्या होत्या. परत दिल्यात तेव्हा जुलैची वही सगळ्यांत वर होती आणि तुम्ही काही बोलला नव्हतात. म्हणजे "आज आभाळ आलं, लवकर ये" म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तीन पावसाळे माहीत होतं. पलंगावरून विचारलंत तेव्हाही.

मी तिथेच ओसरीच्या पायरीवर बसले. युसूफभाईंनी आतून पाणी मागवलं. मी विचारलं, "अम्मी कुठे आहेत?"

"अम्मीले जाऊन दोन साल झाले," ते म्हणाले. "आखरीपर्यंत इचारे. मोटरसायकल थांबली का म्हणे, देख तो, वो सरवाली बच्ची आई क्या?"

सर, मला कुणी रागावलं नाही. युसूफभाईंनी तुमचं ऐकलं, माझ्या हातात ग्लास दिला आणि मी पाणी पिईपर्यंत समोर उभे राहिले. पण ज्या दोघांना मी सांगायला हवं होतं, ती दोघंही सगळं माहीत असून माझी वाट बघत होती, आणि मी दोघंही गेल्यावर पोचले.